वर्णपट्ट्यांपासून वनपट्ट्यांपर्यंत : उपग्रहचित्रातल्या रंगांचा इतिहास

विषय वाचून काहींच्या मनात आलं असेल की आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस उपग्रहाच्या चित्रांवर काय बोलणार? रास्त प्रश्न आहे. मी काही उपग्रहांचा तज्ज्ञ नाही. पण ज्ञान कशाला म्हणायचं, पुरावा कशाला म्हणायचं, एखादी गोष्ट 'दिसली' म्हणून ती 'आहे' असं कधी म्हणता येतं, हे प्रश्न मी वर्षानुवर्षं वर्गात मांडत आलो. हे प्रश्न आता वर्गापेक्षा सरकारी कचेरीतल्या टेबलावर जास्त येतात, आणि येतात ते बहुतेक वेळा उपग्रहाच्या चित्राच्या रूपात. म्हणून आजचा हा विषय.

सुरुवात एका साध्या प्रश्नाने करू. तुम्ही कुठल्या प्रदर्शनात किंवा पाठ्यपुस्तकात उपग्रहाने काढलेलं भूभागाचं चित्र पाहिलं असेल. त्यात जंगल लालभडक दिसतं. पाणी काळंनिळं, गावं निळसर राखाडी, आणि झाडं लाल. कुंकू सांडावं तशी. आता झाड हिरवं असतं हे लहान पोरालाही माहीत आहे. मग ते लाल का? आणि लालच का, जांभळं का नाही? हे कोणी ठरवलं?

याचं उत्तर द्यायला थोडं मागे, १८६१ सालात जावं लागेल.

त्या वर्षी १७ मे रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेल या स्कॉटिश भौतिकशास्त्रज्ञाने एक प्रयोग करून दाखवला. आपला डोळा सगळे रंग तीनच मूळ संवेदनांतून बनवतो, असा सिद्धान्त तोवर मांडला गेला होता. मॅक्सवेल म्हणाला, मग फोटोचंही तसंच करू. त्याच्या सांगण्यावरून थॉमस सटन या छायाचित्रकाराने चौकड्यांच्या स्कॉटिश फितीचे फोटो काढले. एक तांबड्या द्रवातून, एक हिरव्या, एक निळ्या. प्रत्येक फोटो काळा-पांढराच. त्यात रंग नव्हताच. लाल प्रकाश कुठे जास्त, कुठे कमी, एवढीच नोंद होती. मग तीन कंदिलांपुढे त्याच तीन रंगांच्या काचा धरून ते तिन्ही फोटो पडद्यावर एकावर एक पाडले, आणि फीत रंगीत दिसली. जगातला पहिला रंगीत फोटो म्हणून त्याचा उल्लेख होतो.

आज उपग्रहाच्या चित्राचं जे करतात ते तत्त्वतः हेच आहे. उपग्रह रंगीत फोटो काढत नाही. तो प्रकाशाचे वेगवेगळे पट्टे, ज्यांना आपण 'बँड' म्हणतो, ते वेगवेगळे मोजतो. प्रत्येक बँड म्हणजे आकड्यांचा एक तक्ता. आपण ते तक्ते एका फाइलीत एकावर एक रचतो, त्यातले तीन निवडतो आणि पडद्याच्या लाल, हिरव्या, निळ्या दिव्यांना वाटून देतो. मॅक्सवेलचे कंदील गेले, संगणक आला, एवढाच फरक.

पण मॅक्सवेलच्या गोष्टीला एक शेपूट आहे, आणि मला ते फार मोलाचं वाटतं. सटनने वापरलेलं फोटोचं रसायन लाल प्रकाशाला जवळजवळ आंधळं होतं. त्याला निळा-जांभळा आणि त्यापलीकडचा अतिनील प्रकाशच कळायचा. म्हणजे लाल काचेतून काढलेला तो फोटो कोरा यायला हवा होता. तरी प्रयोग जमला कसा? याचा उलगडा १९६१ साली, बरोबर शंभर वर्षांनी कोडॅकच्या संशोधकांनी केला. तो तांबडा द्रव लालबरोबर थोडा अतिनील प्रकाशही सोडत होता, आणि फितीतला तांबडा रंग नेमका अतिनील प्रकाशही परावर्तित करत होता. म्हणजे लाल म्हणून जे नोंदलं गेलं ते प्रत्यक्षात डोळ्याला न दिसणारं काहीतरी होतं. ज्याला आपण पहिला खराखुरा रंगीत फोटो म्हणतो, तोच मुळात अदृश्य प्रकाशाला दृश्य रंग देऊन बनला. खरा रंग आणि खोटा रंग ही भिंत पहिल्याच दिवशी पडलेली होती; ती पडली आहे हे कळायला शंभर वर्षं लागली.

दुसरा टप्पा रशियातला. सर्गेई प्रोकुदिन-गोर्स्की नावाच्या छायाचित्रकाराने, साधारण १९०९ ते १९१५ या काळात, झारच्या पाठिंब्याने रशियन साम्राज्यभर हिंडून फोटो काढले. त्याची पद्धत हीच. एका लांब काचेवर एकाखाली एक असे तीन फोटो, तीन रंगांच्या काचांतून. त्या काचा १९४८ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने विकत घेतल्या आणि पुढे संगणकावर तिन्ही थर जुळवून रंगीत चित्रं केली. ती जरूर बघा. माणसं, घुमट, शेतं अगदी काल काढल्यासारखी दिसतात. पण नदीच्या पाण्यावर लाल-हिरव्या-निळ्या रेघा दिसतात. का? कारण तीन फोटो एका क्षणाचे नाहीत. एकामागून एक काढलेले. डोंगर थांबला, पाणी थांबलं नाही.

ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण ती आजही खरी आहे. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्रात उडतं विमान सापडलं तर ते एक न दिसता लाल, हिरवं, निळं असं फुटलेलं दिसतं. वेगवेगळे बँड अगदी किंचित वेगवेगळ्या क्षणी टिपले जातात. आपण थर जुळवतो तेव्हा आपण एक गृहीतक मांडत असतो : खालची जमीन दरम्यान हललेली नाही. बहुतेक वेळा ते खरं असतं. पण ते गृहीतक आहे.

आता झाडाच्या लाल रंगाकडे येऊ. १९१० साली रॉबर्ट वुड या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने अवरक्त, म्हणजे लालच्या पलीकडच्या प्रकाशात काढलेले निसर्गाचे फोटो प्रसिद्ध केले. त्यात झाडांची पानं बर्फासारखी पांढरी दिसत होती. पानाच्या आत पेशी आणि हवेच्या पोकळ्या यांची जी रचना असते, तिच्यामुळे ताजं पान अवरक्त प्रकाश भरपूर परत फेकतं. आपल्या डोळ्याला ते कळत नाही. आपल्याला दिसतो तो थोडासा उरलेला हिरवा.

दुसऱ्या महायुद्धात याचा उपयोग झाला. तोफा, वाहनं झाकायला हिरवं कापड किंवा तोडलेल्या फांद्या टाकत. विमानातून साध्या फोटोत ते हिरवंच दिसायचं. पण हिरव्या रंगाचं कापड ताज्या पानासारखा अवरक्त प्रकाश फेकत नाही, आणि तोडलेली फांदी जसजशी वाळते तसतसं तिचं फेकणंही बदलतं. म्हणून कोडॅकने एक खास फिल्म बनवली. तिच्यात सगळे रंग एकेक घर सरकवले होते : हिरव्या प्रकाशाला निळा रंग, लालला हिरवा, आणि अवरक्तला लाल. जिवंत झाडी लाल दिसायची आणि खोटं जंगल निळसर उठून दिसायचं.

म्हणजे मघाच्या प्रश्नाचं उत्तर हे. झाड लाल दिसतं कारण १९४० च्या दशकात लढाईसाठी बनवलेल्या एका फिल्ममध्ये ते तसं ठरलं होतं. युद्ध संपलं, फिल्म शेतीकडे आली. १९५६ साली कॅलिफोर्नियातले रॉबर्ट कोलवेल यांनी पिकावरचे रोग अशा हवाई फोटोंतून ओळखता येतात हे दाखवलं. पुढे उपग्रह आले, त्यांना फिल्मच नव्हती, कुठलाही रंग देता आला असता. पण फोटो वाचणाऱ्यांच्या डोळ्यांना लालची सवय झाली होती. तीच रीत पुढे चालली आणि आजही चालते आहे.

आता १९७२. त्या वर्षी २३ जुलैला अमेरिकेने एक उपग्रह सोडला, ज्याला पुढे लँडसॅट-१ हे नाव मिळालं. त्याच्यावर दोन यंत्रं होती. मुख्य समजलं जाणारं यंत्र म्हणजे टीव्हीच्या धर्तीचे तीन कॅमेरे, प्रत्येक बँडला एक. दुसरं यंत्र जरा उपरं, प्रयोगादाखल घेतलेलं : मल्टिस्पेक्ट्रल स्कॅनर. ते बनवण्यामागे ह्यूजेस कंपनीतल्या व्हर्जिनिया नॉरवुड या भौतिकशास्त्रज्ञ बाई होत्या. त्यांच्या स्कॅनरमध्ये एक आरसा होता, जो सेकंदाला सुमारे १३ वेळा हलायचा आणि खालच्या जमिनीची एकेक ओळ झाडल्यासारखी टिपायचा. प्रकाश एकाच दुर्बिणीतून आत यायचा आणि मग चार बँडमध्ये वाटला जायचा. हलणारा आरसा अवकाशात कसा टिकणार, अशी शंका पुष्कळांना होती.

झालं उलटंच. कॅमेऱ्यांच्या यंत्रणेत काही दिवसांतच विजेचा बिघाड झाला आणि ते बंद करावे लागले. उपऱ्या स्कॅनरने पुढे वर्षानुवर्षं काम केलं. आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचं असं की तीन वेगळ्या कॅमेऱ्यांची चित्रं नंतर जुळवत बसावी लागतात. स्कॅनरमध्ये चारही बँड एकाच वाटेने आलेले, त्यामुळे ते मुळातच जुळलेले. पृथ्वीच्या पाहणीत आकड्यांचं राज्य आलं ते या यंत्रामुळे.

या इतिहासाची एक खूण अजून शिल्लक आहे. त्या पहिल्या स्कॅनरचे बँड १ पासून सुरू होत नाहीत. ४, ५, ६, ७ असे आहेत. कारण १, २, ३ हे आकडे त्या बंद पडलेल्या कॅमेऱ्यांनी आधीच घेतले होते. आणखी एक बघा. त्या चार बँडमध्ये निळा नव्हता. हवेत निळा प्रकाश फार विखुरतो, चित्र धुरकट होतं, म्हणून तो सोडला होता. निळा नाही म्हणजे डोळ्याला दिसतं तसं चित्र त्या यंत्रातून निघणं मुळातच शक्य नव्हतं. आपल्याकडच्या रिसोर्ससॅटवरच्या लिस-३ या कॅमेऱ्यातही निळा नाही : हिरवा, लाल आणि दोन अवरक्त. म्हणजे कित्येक वर्षं आपण ज्या चित्रांवरून देशाचे नकाशे केले, त्यांना 'खऱ्या रंगाचा' पर्यायच नव्हता.

भारताची गोष्टही थोडक्यात सांगतो. १९७० च्या सुमारास पिशारोटी नावाच्या शास्त्रज्ञांनी केरळात हेलिकॉप्टरमधून, त्याच कोडॅक धर्तीच्या अवरक्त फिल्मवर नारळाच्या बागांचे फोटो काढले. माडांना रूट-विल्ट नावाचा रोग लागला होता, आणि रोगट माड वरून वेगळ्या छटेचे दिसत होते. भारतातल्या दूरसंवेदनाची सुरुवात या प्रयोगापासून धरतात. लष्करी डावपेचासाठी जन्मलेला तो लाल रंग इथे माडाच्या औषधपाण्याला आला. पुढे हैदराबादजवळ शादनगरला लँडसॅटचे संदेश पकडणारं केंद्र झालं, आणि १७ मार्च १९८८ रोजी आपला स्वतःचा आयआरएस-१ए उपग्रह बैकानूरहून गेला. त्यात चार बँड होते : निळा, हिरवा, लाल आणि अवरक्त.

चित्रं आली, पण ती कोणाला मिळत होती? हा भाग मी मुद्दाम सांगतो. १९८४ साली अमेरिकेने कायदा करून लँडसॅटची विक्री खासगी कंपनीकडे दिली. एका दृश्याची किंमत चार हजार डॉलरच्या वर गेली. विद्यापीठांनी, गरीब देशांनी चित्रं घेणं सोडून दिलं. १९९९ मध्ये लँडसॅट-७ आला तेव्हा किंमत सुमारे ६०० डॉलरवर आली. आणि २००८ मध्ये निर्णय झाला की १९७२ पासूनचा सगळा साठा फुकट द्यायचा. जिथे वर्षाला काही हजार चित्रं विकली जात होती तिथे एका वर्षात दहा लाखांवर उतरवून घेतली गेली.

साधनांचंही तसंच. ग्रास नावाची नकाशाप्रणाली १९८२ पासून अमेरिकन लष्कराच्या एका बांधकाम-संशोधन प्रयोगशाळेत बनली आणि लोकांना खुली झाली. फ्रँक वॉर्मरडॅम यांनी १९९८ मध्ये जीडाल सुरू केलं, जे तऱ्हेतऱ्हेच्या चित्रफाइली वाचतं आणि जुळवतं. गॅरी शेर्मन यांनी २००२ मध्ये क्यूजीआयएस सुरू केलं. ही सगळी फुकट आहेत. म्हणजे चित्र फुकट, साधन फुकट. पूर्वी जे फक्त सरकारी केंद्रात होत होतं ते तालुक्याच्या गावातली मुलगी साध्या लॅपटॉपवर करू शकते.

ती काय करते ते पायरीपायरीने बघू, कारण तत्त्वज्ञान त्या पायऱ्यांतच आहे.

उपग्रहाचं दृश्य उतरवलं की एक फोल्डर मिळतो. त्यात प्रत्येक बँडची वेगळी फाइल. क्यूजीआयएसमध्ये रास्टर या मेनूत मिसलेनियसखाली मर्ज आहे, आणि बिल्ड व्हर्च्युअल रास्टर आहे. दोन्हींत एक चौकट असते : प्रत्येक फाइल वेगळ्या बँडमध्ये ठेवा. मर्जमध्ये तिच्यावर खूण केली नाही तर सगळ्या फाइली एकाच थरात एकमेकींवर पडतात, आणि वरची खालचीला झाकते. खूण केली तर त्या पुस्तकाच्या पानांसारख्या एकामागे एक बसतात. मर्ज सगळे आकडे नव्या फाइलीत उतरवून घेतं. व्हर्च्युअल रास्टर मात्र नुसती चिठ्ठी लिहितं : पहिलं पान अमुक फाइलीतलं, दुसरं तमुक. मूळ फाइली हलवल्यात तर चिठ्ठी निरुपयोगी.

इथे तीन ठिकाणी विवेक लागतो. पहिलं, क्रम. संगणक नावं अक्षरानुसार लावतो, तेव्हा 'बी१०' ही फाइल 'बी२'च्या आधी येऊन बसते. रचलेल्या फाइलीत मग फक्त बँड १, बँड २ एवढंच दिसतं. कोण कुठला हे लिहून ठेवलं नाही तर चार दिवसांनी स्वतःलाच कळत नाही. दुसरं, नंबर. लँडसॅट-५ मध्ये बँड ४ म्हणजे अवरक्त, ३ म्हणजे लाल, २ म्हणजे हिरवा. म्हणून ४-३-२ असं मांडलं की जंगल लाल. लँडसॅट-८ मध्ये नंबर सरकले : ४ लाल, ३ हिरवा, २ निळा. तेच ४-३-२ मांडलं की जंगल हिरवं. आकडे तेच, चित्र वेगळं. कोणी तुम्हाला दोन सालांची दोन चित्रं शेजारी ठेवून 'बघा, किती बदललं' म्हणालं, तर आधी विचारा, कुठल्या उपग्रहाचा कुठला बँड? तिसरं, चौकोनाचं माप. सेंटिनेल-२ चे काही बँड १० मीटरचे, काही २० मीटरचे. ते एकत्र रचताना २० मीटरचा चौकोन चार तुकडे करून १० च्या मापात बसवता येतो. पण चार तुकडे केले म्हणून माहिती चौपट झाली नाही. एका भाकरीचे चार तुकडे केले तरी भाकरी एकच.

आणि आता माझा मुख्य मुद्दा. एक फाइल आणि एक चित्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फाइलीत सहा, सात, तेरा बँड सुखाने राहतात. कोणी कोणात मिसळत नाही, प्रत्येकाचे आकडे जसेच्या तसे. पडद्यावर मात्र तीनच येऊ शकतात, कारण आपल्या डोळ्याला तीनच वाटा आहेत. म्हणजे चित्र बघण्यापूर्वी कोणीतरी निवड केलेली असते. जैन दर्शनात 'नय' अशी एक संकल्पना आहे. नय म्हणजे वस्तूकडे बघण्याची एक बाजू; ती खोटी नसते, पण पुरी नसते. प्रत्येक बँड हा नय आहे, आणि तीन बँडचं चित्र हाही नयच. नयाला पुरं सत्य समजलं की तो दुर्नय होतो, असं ते सांगतात. 'फॉल्स कलर' याचं भाषांतर आपण 'खोटे रंग' असं करतो, ते मला म्हणूनच पटत नाही. लाल झाड खोटं बोलत नाही. ते आपल्या डोळ्याला न कळणारी खरी गोष्ट सांगतं. खोटं तेव्हा होतं जेव्हा निवड केली हेच लपवलं जातं.

निवड कामावर ठरते. २०२० च्या जूनमध्ये लोणारचं सरोवर गुलाबी झालं. ते उपग्रहातून बघायचं तर साधे लाल-हिरवे-निळे बँडच हवेत, कारण प्रश्न डोळ्याला दिसणाऱ्या रंगाचा होता. भोवतालच्या जंगलाची तब्येत बघायची तर अवरक्त हवा. एकच फाइल, दोन प्रश्न, दोन चित्रं.

आता हे सगळं मी का सांगतोय? कारण आपल्या राज्यात नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंत, पालघर-नाशिकच्या डोंगरांत हजारो कुटुंबांच्या जमिनीचा प्रश्न या चित्रांशी जोडला गेला आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार, जे आदिवासी १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसत आहेत, त्यांना जास्तीत जास्त चार हेक्टरपर्यंत हक्क मिळू शकतो. इतर पारंपरिक वननिवासींनाही मिळतो, पण त्यांना तीन पिढ्यांचा रहिवास दाखवावा लागतो. आपण बोलताना यालाच वनपट्टा म्हणतो. मग साहजिकच कोणीतरी म्हणतं, २००५ चं उपग्रहाचं चित्र काढा, शेत दिसतंय का बघा. दिसलं तर हक्क, नाही तर नाही. किती सोपं, किती निःपक्षपाती वाटतं!

आपण गणित करू. एक एकर म्हणजे सुमारे ४०४७ चौरस मीटर. लँडसॅटचा एक चौकोन ३० बाय ३०, म्हणजे ९०० चौरस मीटर. एक एकर शेत म्हणजे साडेचार चौकोन. लिस-३ चा चौकोन साडेतेवीस मीटरचा; त्यात सात-साडेसात. आणि शेत काही चौकोनाच्या कडा बघून आखलेलं नसतं. बहुतेक चौकोन अर्धे शेतावर, अर्धे शेजारच्या झाडीवर पडतात. त्यात लँडसॅट-७ चा एक भाग ३१ मे २००३ रोजी निकामी झाला, त्यानंतरच्या त्याच्या प्रत्येक दृश्यात पट्टेच्या पट्टे कोरे राहिले, जवळजवळ २२ टक्के भाग. एखाद्याचं शेत नेमकं कोऱ्या पट्ट्यात असलं तर?

पुढे ऋतूचं बघा. डोंगरउतारावर नागली, वरई ही पावसाळी पिकं. पीक उभं असतं तेव्हा आकाशात ढग, उपग्रहाला खाली काही दिसत नाही. ढग गेले तोवर कापणी आटोपत आलेली. डिसेंबरात शेत तपकिरी दिसेल, पण शेजारचा माळही तसाच दिसेल. हा कसलेला तुकडा आणि तो आपोआप मोकळा, हे चित्र सांगणार नाही. एप्रिलचं चित्र घेतलं तर सागाची पानं गळलेली. अवरक्तात जंगलाचाही लाल उतरलेला, शेत आणि जंगल दोन्ही राखाडी. आणि मोहाची झाडं शेतात राखायची आपल्याकडे रीत आहे, कारण मोह म्हणजे घरचं अन्न. वरून बघणाऱ्याला त्या झाडांखालचं शेत दिसत नाही. त्याला जंगल दिसतं.

म्हणजे चित्र निरुपयोगी आहे का? मुळीच नाही. पुष्कळ ठिकाणी तेच कसणाऱ्याच्या बाजूने बोलतं. मुद्दा प्रमाणाचा आहे. न्यायदर्शनाने चार प्रमाणं मानली : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. उपग्रहाचं चित्र प्रत्यक्षाचा आव आणतं, पण इतका वेळ आपण बघितलं की ते अनुमान आहे. आकडे मोजले, थर जुळवले, तीन निवडले, रंग वाटले आणि मग 'हे जंगल' असं ठरवलं. प्रत्येक पायरीवर 'जर' आहे. अनुमान हे प्रमाण आहेच, पण त्याचा हेतू तपासावा लागतो.

आणि मला समाधान वाटतं की आपल्या कायद्याने हे ओळखलं आहे. वनहक्क नियमांत पुराव्यांची जी यादी आहे तिच्यात उपग्रहचित्र आहे, जुन्या नोंदी आहेत, बांध, विहिरी, दफनभूमी अशा जमिनीवरच्या खुणा आहेत, आणि दावेदार नसलेल्या गावातल्या वडीलधाऱ्यांचं लेखी निवेदनही आहे. एकापेक्षा जास्त पुरावे विचारात घ्या असं तो सांगतो. २०१२ च्या दुरुस्तीत तर स्पष्ट म्हटलं आहे की उपग्रहचित्र आणि तत्सम तंत्र इतर पुराव्याला पूरक म्हणून वापरावं, त्याच्या जागी नाही. म्हातारी सांगते, माझ्या सासऱ्याने हा बांध घातला. हे शब्दप्रमाण आहे. कायदा त्याला चित्राच्या शेजारी बसवतो, खाली नाही. नियम कागदावर आहे, तो टेबलावर पाळला जातो का, हे विचारत राहणं आपलं काम.

विचारायचं तर विचारता यायला हवं. दावा फेटाळताना कोणी चित्र पुढे केलं तर ग्रामसभेने चार प्रश्न विचारावेत. कुठल्या तारखेचं? कुठल्या उपग्रहाचं? कुठले बँड, कुठल्या क्रमाने? चौकोन केवढा? मग घरी येऊन तोच साठा उतरवून, बँड स्वतः रचून बघावं. १९८५ मध्ये यासाठी हजारो डॉलर लागले असते. आज संगणक, इंटरनेट आणि दोन दिवसांचं शिक्षण पुरतं. गावोगावच्या महाविद्यालयांतल्या भूगोलाच्या प्राध्यापकांना माझी विनंती आहे की विद्यार्थ्यांना परीक्षेपुरतं शिकवू नका. जवळच्या एखाद्या वनहक्क समितीबरोबर बसवा. विद्यार्थी फाइल रचेल, गावकरी सांगतील की हा लाल तुकडा कसलं रान आहे. दोघांनाही एकमेकांशिवाय ते चित्र पुरतं वाचता येणार नाही.

वेळ संपत आली आहे. ज्यांना प्रश्न आहेत त्यांनी थांबावं, आपण पुढे बोलू.